गौतमीला ध्यान लागतं

माझ्या मुलीला वयाच्या आठव्या वर्षी ध्यान लागत होतं. गाढ, निश्चल, भल्याभल्यांना साधणार नाही असं. ही बातमी येरवड्यापासून पिंपरीपर्यंत पोचवण्याचं काम मी एकटीने केलं, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. (देऊन पाहिला. कुणी घेतला नाही.)

आमचं घर चार माणसांचं. माझे सासरे अण्णा टपाल खात्यातून निवृत्त झाले, पण अजून सकाळी सहाला आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार असतात, जणू कुठल्याही क्षणी कुणी तरी रजिस्टर पत्र घेऊन येईल. माझा नवरा मार्केट यार्डात टेम्पोंच्या फेऱ्या लावतो. पहाटे चारला उठतो आणि दिवसभरात जिथे पाठ टेकेल तिथे झोपतो. मी एका सरकारी कचेरीत टेबल सांभाळते. आणि चौथी गौतमी. (हे सगळं छापायला तिची परवानगी आहे. तिने मजकूर वाचला, दोन वाक्यं खोडली आणि मोबदल्यात एक फॅमिली पॅक आइस्क्रीम घेतलं.)

गौतमी तीन वर्षांची असल्यापासून घोरायची. साधंसुधं नाही. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजोबांनी एकदा मला जिन्यात थांबवून अत्यंत नम्रपणे विचारलं होतं, "आपल्याकडे मिक्सर रात्रीच लावायची पद्धत आहे का?"

"मिक्सर नाही हो आजोबा, आमची गौतमी आहे ती."

"असं होय. मग दाखवून घ्या कुणाला तरी. मिक्सर असता तरी एव्हाना दुरुस्तीला दिला असता."

मला इतका राग आला की पुढचे दोन महिने मी त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम चपला वाजवल्या. आज विचार केला तर वाटतं, आम्हाला मिळालेला तो पहिला योग्य वैद्यकीय सल्ला होता, आणि तोही फुकट.

पण आम्हाला सल्ल्याची गरजच नव्हती. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं. गौतमी घोरते? बापावर गेली. तोंड उघडं टाकून झोपते? अण्णांवर गेली, त्यांच्या घराण्यातली नाकंच तशी. झोपेत घामाने चिंब होते? आत्यावर. सकाळी उठवलं की अंगावर येते? इथे मात्र घरात एकमत होतं. माझ्यावर. मी तेवढंच मान्य करायचे आणि दर वेळी जोडून सांगायचे की आमच्या माहेरी कुणी म्हणून घोरत नाही. हे मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून सांगत आले आहे.

झोपायची तिची तऱ्हाही न्यारी. मान मागे टाकून, हनुवटी छताकडे करून, डोकं पलंगाच्या कडेवरून खाली लोंबकळत. नवऱ्याला वाटलं उशीचा दोष असेल. त्याने मंडईजवळून एक कापसाची उशी भरून आणली. मग एक फोमची आणली. मग एक मानेला खळगा असलेली आणली. गौतमीने तिन्ही उशा लाथेने खाली ढकलल्या आणि परत मान लोंबकळवली. त्या तीन उशांवर पुढे तो स्वतः झोपायला लागला आणि दुप्पट घोरायला लागला.

सकाळी तिला उठवणं म्हणजे एक मोहीम असायची. हाका, पाणी शिंपडणं, पांघरूण ओढणं. आणि दर सकाळी, न चुकता, मी तेच वाक्य म्हणायचे, "दहा-दहा तास झोपूनही आळस कसा जात नाही गं तुझा?" ती लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत बसायची. हे वाक्य मला आजही मध्येच कधी तरी आठवतं.

मग शाळेच्या डायरीत बाईंची चिठ्ठी आली. "आपली पाल्य तिसऱ्या तासाला झोपते. तिला घरी झोपू द्यावे, ही विनंती."

मी खाली लिहिलं, "घरी दहा तास झोपते. तिसऱ्या तासाला कोणता विषय असतो?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "गणित. मी शिकवते."

तो पत्रव्यवहार तिथेच संपला. पण माझ्या मनाला लागलं. कारण पिंपरीला माझ्या मोठ्या जाऊबाई राहतात, सुनंदाताई. त्यांची आर्या गौतमीच्याच वयाची. आर्याला अ‍ॅबॅकसची तीन पदकं मिळाली होती, आणि सुनंदाताईंनी ती दाराच्या आतल्या बाजूला अशी टांगली होती की दार उघडलं की ती वाजायची. आमच्या दाराला नुसती कडी होती.

अशा दिवसांत वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत आमच्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी वंदना होते, ग्रंथवाचन होतं, मुलांसाठी पंधरा मिनिटं आनापान असतं आणि मग खीर. आनापान म्हणजे अवघड काही नाही. पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून बसायचं आणि नाकाशी येणारा-जाणारा आपला श्वास फक्त बघायचा. सांगायला सोपं, पण आठ वर्षांच्या मुलांना पंधरा मिनिटं बसवणं म्हणजे बेडूक तराजूत मोजण्यासारखंच. एक खाजवतो, एक हसतो, एक श्वास सोडून खिरीच्या पातेल्याकडे बघतो.

पहिल्या रविवारी अण्णा गौतमीला घेऊन गेले आणि परत आले ते दारातच उभे राहिले. डोळे भरलेले.

"विद्या, पोरगी वेगळी आहे गं."

"काय केलं तिने?" मी घाबरून विचारलं.

"काहीच केलं नाही. तेच तर सांगतोय. बाकीची पोरं वळवळत होती. ही बसली, डोळे मिटले, आणि अर्ध्या मिनिटात जी स्थिर झाली ती शेवटपर्यंत. मी तीस वर्षं बसतोय, मला अजून गुडघा आठवतो."

मी गौतमीला विचारलं, "काय गं, काय वाटलं तुला?"

"छान वाटलं," ती म्हणाली. "कुणी उठवलं नाही."

कुठल्याही सुज्ञ आईने इथे थांबून विचार केला असता. मी फोन उचलला आणि पिंपरीला लावला.

"ताई, आर्याचं अ‍ॅबॅकस कसं चाललंय? हो का? छान, छान. नाही, आमचं आपलं साधंच. गौतमीला ध्यान लागायला लागलंय."

पलीकडे शांतता पसरली. आठ वर्षांत पहिल्यांदा सुनंदाताईंना काही सुचलं नव्हतं. ती शांतता मला इतकी गोड लागली की मी मग कुणालाच सोडलं नाही. कचेरीत सांगितलं. भाजीवालीला सांगितलं. कुलकर्णी आजोबांनाही जिन्यात गाठून सांगितलं. ते म्हणाले, "आमच्यापर्यंत पोचतं ते रोज." मी ते कौतुक समजले.

चार-पाच रविवार असे गेले. गौतमी बसायची, अर्ध्या मिनिटात स्थिर व्हायची, अण्णा कृतार्थ व्हायचे. शेवटी विहाराच्या समितीने ठरवलं की वर्षावासाच्या समारोपाला गौतमीलाच पुढे बसवायचं. आधी तिने माईकवर वंदना म्हणायची आणि मग सगळ्यांसमोर पंधरा मिनिटं आनापान, म्हणजे बाकीच्या मुलांना उदाहरण मिळेल. मी पांढरा फ्रॉक शिवून घेतला. दोन वेण्यांना पांढऱ्या रिबिनी आणल्या. आणि पिंपरीला फोन करून सहकुटुंब आमंत्रण दिलं. पदकं आणू नका, एवढंच सांगायचं मी टाळलं.

समारोपाच्या रविवारी विहार गच्च भरला होता. सुनंदाताई आर्याला घेऊन माझ्या शेजारीच बसल्या. पलीकडे माझा नवरा भिंतीला टेकला, म्हणजे त्याची सोय झाली. गौतमी पुढे चटईवर बसली. समोर बुटक्या स्टँडवर माईक. तिने वंदना म्हटली, नाकातल्या नाकात, जरा बोबडी. (तिचा आवाज कायमच चोंदलेला असायचा. तो आम्ही तिच्या काकांवर टाकला होता.) मग तिने डोळे मिटले. सभागृहातल्या सगळ्यांनी डोळे मिटले. अण्णांनी पुढच्या रांगेत पाठ ताठ केली. आणि माईक बंद करायचा राहून गेला.

मी डोळे मिटले नव्हते. सुनंदाताई बघतायत की नाही, हे मला बघायचं होतं.

अर्ध्या मिनिटात गौतमी स्थिर झाली. मी सुनंदाताईंना कोपराने ढोसलं. दोन मिनिटांनी तिची मान हळूहळू खाली आली. चार मिनिटांनी दोन्ही स्पीकरमधून आवाज आला,

"घर्रर्र."

पहिल्या रांगेतले दोन-तीन डोळे उघडले. परत आला. या वेळी मोठा. खिडकीच्या काचा थरथरल्या असं मी म्हणणार नाही, पण बाहेर बसलेलं कुत्रं उठून गेलं हे खरं आहे.

"विद्या," सुनंदाताई कुजबुजल्या, "घोरतेय का गं ती?"

"छे हो ताई. ध्यानात श्वास असाच खोल होतो."

"आर्याच्या बाबांचाही होतो की मग रोज."

"ते वेगळं."

स्पीकर आता लयीत चालू झाला होता. मुलं तोंडावर हात दाबून हसत होती. समितीचे अध्यक्ष एक डोळा उघडून माईकपर्यंत कसं जावं याचा अंदाज घेत होते. माझा चेहरा तापला होता. आणि तेवढ्यात आवाज थांबला. एकदम. सभागृहात इतकी शांतता झाली की खिरीखालची शेगडी ऐकू यायला लागली.

मला हुरूप आला. मी सुनंदाताईंकडे झुकले आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, "बघा ताई. आता तर श्वाससुद्धा थांबला. याला म्हणतात एकाग्रता."

हे वाक्य मी माझ्या स्वतःच्या मुलीबद्दल, शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने उच्चारलं आहे.

तिसऱ्या रांगेत कुणी तरी उठलं. गायकवाड सिस्टर. पस्तीस वर्षं दवाखान्याच्या वॉर्डात काढलेली बाई, निवृत्त झाली तरी मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला वळवून घालते. त्या घड्याळाकडे बघत, मुलांच्या मधून वाट काढत सरळ पुढे निघाल्या होत्या. अण्णा हलक्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, तिची एकाग्रता..."

"अण्णा, गप्प बसा," सिस्टर म्हणाल्या.

अण्णांना असं कुणी बोलल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. सिस्टर गौतमीजवळ गुडघ्यावर बसल्या. माईकमधून काहीच येत नव्हतं. पांढऱ्या फ्रॉकमधली छाती वर ओढली जात होती, पोट आत जात होतं, पण आवाज नव्हता. हवा नव्हती. त्या क्षणी मला पहिल्यांदा समजलं की मी काय बघतेय.

सिस्टर तिच्या खांद्याला हात लावणार, तोच स्पीकरमधून प्रचंड मोठी धाप आली. पाण्यात बुडालेलं माणूस वर येऊन घेतं तशी. गौतमी दचकली, डोळे अर्धे उघडले, परत मिटले आणि घोरणं परत सुरू झालं. आतापर्यंत सगळे आपापला श्वास बघत होते. आता अख्खा विहार तिचा श्वास बघत होता. एकही मूल हसत नव्हतं.

सिस्टरांनी तिला जागं करून मांडीवर घेतलं आणि आम्हाला बोलावलं. माझा नवरा जागा झाला होता, त्याला काय झालं ते कळत नव्हतं, पण माझं तोंड बघून तो धावत पुढे आला.

"घरी रोज घोरते?" सिस्टरांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "बापावर गेली."

"तोंड उघडं असतं?"

"माझ्यावर गेली," अण्णा म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"घाम येतो?"

"आत्यावर," नवरा म्हणाला.

"सकाळी चिडचिड करते?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"वर्गात झोप लागते?"

"तिसऱ्या तासाला," गौतमीने स्वतःच उत्तर दिलं.

सिस्टरांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे पोरगी अख्ख्या खानदानावर गेली. डॉक्टरकडे तेवढं कुणी गेलं नाही."

माईक अजून चालूच होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. त्यांनी गौतमीला तोंड उघडायला सांगितलं, बॅटरी मारली आणि मलाही बघायला बोलावलं. दोन्ही बाजूंचे टॉन्सिल बोरांएवढे, एकमेकांना टेकलेले. नाकामागची अ‍ॅडिनॉइड नावाची गाठ फुगून वाट अडवून बसलेली, ती एक्सरेमध्ये दिसली. मग एक रात्र दवाखान्यात तिला वायरी लावून झोपवलं आणि यंत्राने सगळं मोजलं. त्याचा कागद पुढे ठेवून डॉक्टर म्हणाले,

"सर्दी झाली की मुलं घोरतात, त्याचं काही नाही. पण रोज घोरणं, मध्येच श्वास अडणं, मग दचकून धाप टाकणं, हे घोरणं नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास अडला की मेंदू तिला दर वेळी थोडं जागं करतो, म्हणून ती वाचते आणि म्हणून तिची झोप होत नाही."

"पण डॉक्टर, ती दहा तास झोपते," मी म्हणाले. सवयीने.

"दहा तास झोपत नाही ती. दहा तास झगडते."

मला तिथेच रडू आलं. नवऱ्याने रुमाल दिला आणि मग तो परत घेऊन स्वतः वापरला. गौतमी आमच्याकडे बघत राहिली. घरी येताना रिक्षात तिने विचारलं, "आई, श्वास सगळ्यांनाच जोर लावून ओढावा लागतो ना?"

"नाही गं राणी."

"मला वाटलं सगळ्यांनाच लागतो." थोडा वेळ बाहेर बघून म्हणाली, "मग तुम्ही रात्रभर काय करता?"

ऑपरेशन ठरलं. अण्णा त्या दिवसांत धड जेवत नव्हते. ऑपरेशनच्या सकाळी ते दवाखान्याच्या बाकड्यावर इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. ते म्हणाले, "तीस वर्षं स्वतःचा श्वास बघितला, विद्या. नातीचा शेजारी बसून बघितला नाही." मी म्हटलं, "अण्णा, मी तर पिंपरीला फोन करत होते." ते पहिल्यांदा हसले. नंतर दोघंही दरवाज्यावरच्या लाल दिव्याकडे बघत बसलो आणि तो विझेपर्यंत मीसुद्धा श्वास धरूनच होते.

सगळं नीट पार पडलं. सुनंदाताई पिंपरीहून आइस्क्रीमचा डबा घेऊन आल्या. आर्याने तिचं एक पदक गौतमीच्या गळ्यात घातलं. त्या दिवशी मी सुनंदाताईंना मिठी मारली. (पदक गौतमीने अजून परत केलेलं नाही. मी आठवणही करून दिलेली नाही.)

दोन महिन्यांत आमच्या घरात एक अनोळखी मुलगी राहायला आली. सकाळी हाक मारायच्या आत उठते. बडबड करते. मान सरळ ठेवून, तोंड मिटून, आवाज न करता झोपते. पहिले काही दिवस आम्ही तिघंही तिच्या पलंगाभोवती उभे राहून ऐकत होतो, काही ऐकू येत नाही म्हणून घाबरत होतो आणि तिच्या नाकापुढे हात धरून खात्री करत होतो. कुलकर्णी आजोबा जिन्यात भेटले. म्हणाले, "आपला मिक्सर दुरुस्त झालेला दिसतो." मी वाकून नमस्कार केला. ते बावरले. डायरीत बाईंची चिठ्ठी आली, "आपली पाल्य आता तिसऱ्या तासाला जागी असते. फार बोलते. काही करता येईल का?"

ध्यान मात्र पार गेलं. परवाच्या रविवारी पौर्णिमेच्या वंदनेला विहारात ती आनापानाला बसली ती दोन मिनिटंही धड बसेना. एक डोळा उघडला, शेजारच्या मुलीला चिमटा काढला, खिरीच्या पातेल्याकडे मान वळवली. अण्णा तिच्या शेजारीच बसले होते, डोळे सताड उघडे, तिच्या वळवळीकडे कौतुकाने बघत. मला इतकं समाधान वाटलं की काय सांगू. वाटलं, आता आपणही जरा बसावं. एवढ्या महिन्यांची धावपळ, जागरणं, काळजी. मी भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले, श्वासाकडे लक्ष नेलं. आणि काय आश्चर्य, अर्ध्या मिनिटात मन असं स्थिर झालं, जे आयुष्यात कधी झालं नव्हतं. सगळे आवाज विरून गेले. किती वेळ गेला कळलं नाही.

कुणी तरी माझा खांदा हलवत होतं. डोळे उघडले तर गौतमी.

"आई, तुला ध्यान लागलं होतं," ती म्हणाली. "माईक नव्हता, तरी मागपर्यंत ऐकू येत होतं."

तिच्यामागे गायकवाड सिस्टर मनगटावरचं घड्याळ बघत उभ्या होत्या. शेजारी माझा नवरा होता. विहारात पहिल्यांदाच मी झोपले होते, तो जागा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी वर्णन करणार नाही.

"किती वर्षं चाललंय हे?" सिस्टरांनी विचारलं.

"अकरा," नवरा म्हणाला. "पण तिच्या माहेरी कुणी घोरत नाही."

"मग तू कुणावर गेलीस गं, विद्या?"

मी गौतमीकडे बोट दाखवलं.